एकाच कुलपातील ठेव

घरात एखादी मौल्यवान वस्तू असली की ती कुठे ठेवावी, याचा आपण फार विचार करतो; परंतु ती नाहीशी झाली तर काय करावे, याचा विचार सहसा करीत नाही. दागिना कपाटात, दस्तऐवज पेटीत आणि पेटीची किल्ली गादीखाली, एवढ्यावर आपले समाधान होते. मीही आयुष्यभर तसाच वागत आलो. त्या वागण्याची किंमत मला उतारवयात मोजावी लागली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. माझी फजिती वाचून एखाद्या घराची ठेव वाचली, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी ग्वाल्हेरचा. शिंदे सरकारच्या चाकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे या बाजूला आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांपैकी आमचे एक. लष्कर भागात आमचे जुने घर आहे. उंबरठ्याबाहेर हिंदी आणि उंबरठ्याच्या आत मराठी, हा आमचा चार पिढ्यांचा रिवाज. आमच्या मराठीत हिंदीचे शब्द सहज मिसळतात, तरीही तिच्यात काही जुने मराठी शब्द असे टिकून राहिले आहेत की, पुण्याकडचा पाहुणा ते ऐकून थबकतो. ही भाषा माझ्या आईच्या तोंडी सर्वांत अधिक शोभत असे.

आई ब्याण्णव वर्षांची होऊन २०१९ साली गेली. तत्पूर्वी सुमारे दोन वर्षे, दुपारची झोप झाली की, मी तिच्याजवळ एक लहानसे ध्वनिमुद्रण-यंत्र ठेवून तिला बोलते करीत असे. जात्यावरच्या ओव्या, माहेरची माणसे, कोणत्या साली कोणती विहीर आटली, आमच्या आजोबांनी कुणाकडून किती रुपये उसने घेतले आणि ते कसे फेडले, असे तिला सारे आठवत असे. अशी चाळीस तासांची मुद्रिते माझ्या संगणकात साठली होती. त्याच संगणकात आजोबांच्या मोडी लिपीतील हिशेबवह्यांची छायाचित्रेही मी एकेक पान काढून ठेवली होती. मूळ वह्यांना पुढे वाळवी लागली आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. तेव्हा मी स्वतःच्या दूरदृष्टीचे कौतुकच करून घेतले होते.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, नागपूरला असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही त्यांची दृष्टी हळूहळू जात चालली होती. आई गेल्यानंतर त्यांनी मला तीन वेळा सांगितले, "आईचा आवाज मला पाठव. आता फोटो मला नीट दिसत नाहीत. निदान ऐकेन तरी." मी प्रत्येक वेळी म्हणालो, "सगळे नीट लावतो, नावे घालतो, मग एकदमच पाठवतो."

हे कारण खोटे नव्हते. परंतु ते पुरते खरेही नव्हते. शेवटची वर्षे आईजवळ मी होतो. तिची उशी मी बदलली, औषधे मी दिली. तिचा आवाज हा जणू माझ्या सेवेचा मोबदला आहे, तो माझ्याजवळच असावा, अशी एक चोरटी भावना माझ्या मनात दडून बसली होती. आज ती कबूल करताना मला लाज वाटते.

२०२१ सालच्या जूनमधील ती रात्र. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना त्याविषयी अधिक सांगावयास नको. वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. संगणकाला जोडलेल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती. ती बदलण्याचे मी दोन महिने लांबणीवर टाकले होते. सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा पडदा काळा राहिला आणि आतून घड्याळासारखा टक्-टक् असा आवाज येऊ लागला. मी तो बंद केला, पुन्हा सुरू केला. असे निदान दहा वेळा केले. हीच माझी दुसरी चूक, असे मला मागाहून समजले. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली की ती ताबडतोब बंद करावी व पुन्हा वीज देऊ नये. प्रत्येक वेळी सुरू करताना आतला नाजूक भाग तबकडीवर घासला जाऊन, जे वाचले असते तेही पुसले जाण्याचा संभव असतो.

संगणक घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने डिस्क कानाशी धरली आणि अगदी सहज विचारले, "बाबूजी, इसकी दूसरी कॉपी तो होगी न?"

त्या एका प्रश्नाने माझ्या पोटात खड्डा पडला. दुसरी प्रत नव्हती. पुढे ती डिस्क दिल्लीला, अशा कामाच्या एका प्रयोगशाळेत पाठविली. चांगल्या नव्या संगणकाला लागावेत इतके पैसे गेले. परत आली ती काही छायाचित्रे, आणि तीही तुटक. मोडीची पाने आली नाहीत. आईच्या आवाजाचे एकही मुद्रित आले नाही.

दादांना दूरध्वनीवरून हे सांगितले, तेव्हा ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझ्याकडे आहे म्हणून मी निश्चिंत होतो रे." एवढेच बोलून त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

त्या वर्षी पावसाळ्यात इंदूरहून माझा भाचा सहकुटुंब आला. तो संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला किल्ला पाहावयाचा होता, म्हणून आम्ही पूर्वेकडच्या वाटेने पायी वर चढलो. याच वाटेवर, खडकात कोरलेले, चतुर्भुजाचे एक लहानसे देऊळ आहे. येणारेजाणारे पुष्कळदा ते न पाहताच पुढे जातात. त्यात संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, एक शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि रोज ५० हार देवाला पोचावेत अशी तजवीज केली, अशा अर्थाचा हिशेबी मजकूर त्यात आहे. मात्र त्या २७० आणि ५० या आकड्यांतील शून्य हे जगात कोरलेल्या अतिप्राचीन शून्यांपैकी एक म्हणून विख्यात आहे. भाच्याने मुलीला ते वाटोळे चिन्ह दाखविले आणि म्हणाला, "आपल्या फोनमधले सगळे फोटो, सगळी गाणी शून्य आणि एक या दोनच आकड्यांत लिहिलेली असतात बरं का. त्यातलं एक शून्य इथे दगडात आहे." मी मनात म्हटले, हे शून्य साडेअकराशे वर्षे टिकले आणि माझी शून्ये तीन वर्षेही टिकली नाहीत!

वर गेल्यावर मुलीने गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला. तेव्हा मी तिला ग्वाल्हेरातील प्रत्येक आजोबा सांगतात ती गंगाजळीची गोष्ट सांगितली. शिंद्यांचा वंशपरंपरागत खजिना या किल्ल्याच्या पोटात, गुप्त तळघरांत ठेवलेला असे. त्याला गंगाजळी म्हणत. तळघरांची वाट सांगणारे बीजक फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असे आणि ते योग्य वेळी पुत्राला सांगत, अशी परंपरा. १८५८ सालच्या धामधुमीनंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. तो १८८६ साली, झांशीच्या बदल्यात, परत मिळाला आणि त्याच साली जयाजीराव महाराज निवर्तले. पुत्र माधवराव तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक सांगण्याचे राहून गेले, असे सांगतात. पुढे काही तळघरे सापडली. काही अजूनही सापडावयाची आहेत, असे लोक आजही बोलतात. ही आख्यायिका कितपत खरी, हा प्रश्न निराळा. मी ती शंभर वेळा सांगितली असेन.

मुलीने विचारले, "पण मामाआजोबा, राजाने आणखी कुणाला का नाही सांगून ठेवलं?"

मला उत्तर देता आले नाही. तटावरून खाली आमचे लष्कर दिसत होते. त्यात आमच्या घराचे छप्पर मी शोधीत राहिलो. खजिना एका जागी, त्याची खूण एका माणसापाशी आणि सांगण्याचे काम उद्यावर. मी निराळे काय केले होते? उतरताना मी भाच्याला म्हणालो, "जे उरले आहे ते तरी नीट ठेवावयाचे आहे. कसे ते मला शिकव."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. निघण्यापूर्वी भाच्याने मला एक काम सांगितले होते: आपल्याजवळ किती आहे ते आधी मोजावे. मिळालेली छायाचित्रे, कागदपत्रे आणि नातेवाइकांकडून नव्याने गोळा केलेले सारे मिळून १८० जीबी भरले. तो म्हणाला, "जेवढं आहे त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट जागा घ्यावी. पुढे भर पडणारच, आणि बदललेल्या फाइलींच्या जुन्या प्रतीही त्यातच राहतात." त्या हिशेबाने एक टीबीची डिस्क पुरेशी होती.

दुकानात बाहेरून जोडावयाच्या डिस्का दोन जातींच्या होत्या. एका जातीत फिरती तबकडी असते. तिच्यावरून वाचणारा एक सूक्ष्म काटा तरंगत असतो, आणि काटा व तबकडी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी असते. म्हणून ती चालू असताना हातातून पडली की बहुधा संपलीच. परंतु ती स्वस्त असते आणि थोड्या पैशांत पुष्कळ जागा देते. दुसऱ्या जातीला एसएसडी म्हणतात. तीत फिरणारे काहीच नसते, म्हणून ती वेगवान असते आणि धक्का सोसते. पण किंमत जास्त. शिवाय ती विजेशिवाय वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिली, तर तिच्यातील मजकूर क्षीण होण्याची भीती असते. रोज पिशवीतून न्यावयाची असेल तर एसएसडी घ्यावी. घरी कपाटात ठेवून आठवड्यातून एकदा जोडावयाची असेल तर फिरती तबकडी चालते, असा भाच्याचा निवाडा. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. पेन ड्राइव्ह ही पाहुण्याला चार फोटो देण्यापुरती वस्तू आहे. तीत एकुलती एक प्रत ठेवू नये, हेही त्याने बजावले.

काउंटरवर सोळा टीबी लिहिलेली एक डिस्क, एक टीबीच्या डिस्केहूनही स्वस्त, मांडलेली होती. माझा हात तिकडे गेला. भाच्याने तो हळूच बाजूला केला. अशा वस्तूत खरी जागा फार थोडी असते. तिच्या अंगी लबाडी अशी भरलेली असते की ती संगणकाला खोटाच आकडा सांगते. जागा भरली तरी ती तक्रार करीत नाही. जुन्या मजकुरावर नवा लिहीत जाते, आणि उघडावयास गेलो की काहीच उघडत नाही. ज्या वस्तूवर आपण भरवसा टाकणार, तिच्या किमतीत अचंबा वाटण्याजोगे काही असेल, तर ती घेऊ नये.

आम्ही एक-एक टीबीच्या दोन डिस्का घेतल्या, आणि त्या मुद्दाम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या घेतल्या. एकाच घाण्यातील दोन वस्तूंत एकच दोष असू शकतो, हे शहाणपण आपल्या आयाबायांनाही ठाऊक असते. जोडणीची तार आपल्या संगणकाच्या खाचेत बसते की नाही, हेही तिथेच पाहून घेतले. जुन्या संगणकांना रुंद, चौकोनी खाच असते. नव्यांना पुष्कळदा लहान, लांबटगोल असते. घरी येऊन तारेसाठी पुन्हा बाजार गाठावा लागू नये.

घरी डिस्क जोडताच मला पहिला धक्का बसला. एक टीबीच्या ठिकाणी संगणक ९३१ जीबी दाखवीत होता. "अरे, दुकानदाराने फसविले!" मी म्हणालो. भाचा हसला. कंपनी हजाराच्या पटीत मोजते; तिचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी अक्षरस्थाने. विंडोजचा संगणक १,०२४ च्या पटीत मोजतो. त्याच्या एका जीबीत १०७ कोटी ३७ लाखांहून अधिक स्थाने बसतात. भागाकार केला की ९३१ येतात. माल तेवढाच; फक्त माप निराळे. पूर्वी गावोगावची पायली निराळी असे, तसेच हे.

पुढचे काम म्हणजे डिस्क आखून घेणे. कोऱ्या वहीवर रेघा माराव्यात तसे हे काम आहे. परंतु या रेघा मारताना आधीचे सारे पुसले जाते, म्हणून भरलेल्या डिस्केवर ते कदापि करू नये. माझा संगणक विंडोजचा, म्हणून माझ्या घरच्या डिस्केला एनटीएफएस ही आखणी केली. दादांच्या मुलाकडे मॅक आहे. त्यावर एनटीएफएसमधील मजकूर वाचता येतो, पण सहसा लिहिता येत नाही. म्हणून नागपूरला जावयाच्या डिस्केला एक्सफॅट ही आखणी दिली. ती दोन्हीकडे चालते. जुनी फॅट-३२ मात्र टाळावी. तीत चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि आता लग्नाची चित्रफीत त्याहून मोठी असते.

माझ्या डिस्केत बँकेचे व घराचे कागद होते, म्हणून तिला कुलूप घालणे योग्य होते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ती सोय आहे. कुलूप घालताना संगणकाने ४८ अंकांची एक लांबलचक संख्या दिली. सांकेतिक शब्द विसरलात तर हीच तुमची किल्ली. आणि हीही हरवली तर डिस्क धडधाकट असूनही तुम्हाला कायमची बंद! भाचा ती संख्या संगणकातच साठवू लागला. मी म्हणालो, "थांब. हे गंगाजळीचे बीजक आहे." मी ती कागदावर दोनदा लिहिली. एक कागद माझ्या मुलीकडे भोपाळला गेला, दुसरा दादांच्या तिजोरीत. नागपूरच्या डिस्केत मात्र केवळ फोटो आणि आवाज ठेवले, आणि तिला कुलूप घातलेच नाही. जे सर्वांचे आहे, त्याला कुलूप कशाला?

मग विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' ही सोय सुरू केली. मॅकमध्ये हेच काम 'टाइम मशीन' करते. कोणते कप्पे जपावयाचे ते एकदा सांगून ठेवले की, डिस्क जोडताच नवे व बदललेले तेवढे ती आपोआप उतरवून घेते आणि जुन्या प्रतीही राखते. चुकून एखादी फाइल पुसली गेली तरी गेल्या आठवड्याची सापडते. पहिल्या खेपेस काही तास लागले. नंतर काही मिनिटे पुरतात. मी दर रविवारी दुपारी डिस्क जोडतो. काम झाले की 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा देऊन मगच तार ओढतो आणि डिस्क कपाटात ठेवतो. ती कायम जोडलेली ठेवू नये. २०१७ सालच्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकी किडीने सुमारे दीडशे देशांत फाइलींना परस्पर कुलपे घालून खंडणी मागितली. इंग्लंडातील रुग्णालयांचीही कामे त्यामुळे खोळंबली. अशी कीड संगणकात शिरली, तर त्याला जोडलेली डिस्कही तिच्या तावडीत सापडते. कपाटात बंद असलेली डिस्क वाचते.

शेवटची गोष्ट भाच्याने माझ्या हातून करवून घेतली. त्याने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली आणि म्हणाला, "मामा, आता यातली कुठलीही तीन पानं उघडून दाखवा." उघडून पाहिल्याशिवाय प्रत आहे असे म्हणू नये. बी पेरण्यापूर्वी शेतकरी मूठभर उगवून पाहतो, तसे हे आहे.

या व्यवसायातील लोक एक साधा नियम पाळतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी. हे ऐकून मला वाटले, हा नियम आपल्याला नवा कुठे आहे? चर्चच्या १९१७ सालच्या कॅनन लॉमध्येच असे सांगितले होते की, प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आदींच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत वर्षाअखेरीस बिशपांच्या कचेरीत पाठवावी. गावातील चर्चला आग लागली तरी त्या नोंदी दुसरीकडे सुरक्षित राहाव्यात, अशी ती योजना.

याहून मोठा दाखला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचा आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला, आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. छापखान्यातून निघालेले सारे नाहीसे झाले, आणि ग्रंथ तरीही वाचला. कशामुळे? वाचणाऱ्यांनी त्याच्या हाताने नकला करून ठेवल्या होत्या म्हणून. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. आणखी एक देवनागरी हस्तलिखित दूर लंडनमध्ये निघाले. कुणी एकाने तो ग्रंथ आपल्या पेटीत कुलूपबंद करून ठेवला असता, तर आज आपल्या हाती केवळ त्याचे नाव उरले असते.

आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीचेही तसेच. हद्दू खाँसाहेबांचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. भारतात तबकड्या भरल्या जाऊ लागल्या त्या १९०२ साली. परंतु ती विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरास येऊन मिळविली, महाराष्ट्रात नेली, विष्णु दिगंबरांना दिली आणि त्यांनी ती देशभर पसरविली. जे वाटले ते राहिले.

घरातील उरलेसुरले गोळा करताना मी सर्व नातेवाइकांना विचारले होते, "माझ्याकडून तुम्हाला कधी काही आले असेल तर परत पाठवा." दादांच्या नातीने एक फाइल पाठविली. २०१८ साली, शाळेतल्या कुठल्याशा प्रकल्पासाठी, तिने पणजीचा आवाज मागितला होता. लहान मूल म्हणून मी तिला एक तुकडा पाठविला होता आणि ते साफ विसरून गेलो होतो. अकरा मिनिटे. चाळीस तासांपैकी जेवढे मी दुसऱ्याला दिले होते, तेवढेच शिल्लक राहिले होते.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसरी डिस्क टॉवेलात गुंडाळून, हातातल्या पिशवीत ठेवून, रेल्वेने नागपूरला नेली. दादांना खुर्चीत बसविले आणि ती अकरा मिनिटे लावली. आई विहिरीची हकिगत सांगत होती. मध्येच तिला खोकला आला, मागे कुणीतरी भांडे आपटले, ती त्याच्यावर ओरडली. दादा हसले. शेवटी ती म्हणते, "आता पुरे. बाकीचं उद्या सांगते." आणि मुद्रित संपते.

खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, "पुन्हा लाव."

त्या रात्री मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अरे, आठवते तेवढे आपण सांगू की. ती विहिरीची गोष्ट तिने अर्धीच सांगितली आहे. पुढची मला येते." दुसऱ्या दिवसापासून मी यंत्र पुन्हा काढले. आता दादा बोलतात आणि मी भरून घेतो. परंतु त्याच रात्री एक प्रत त्यांच्या डिस्केत, एक माझ्या, आणि एक इंटरनेटवरील जागेत जाते. तिथला सांकेतिक शब्द माझ्या मुलीलाही ठाऊक आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, सातबाराचे उतारे आणि मुलांच्या गुणपत्रिका एका फोनमध्ये वा एका संगणकात साठलेल्या असतात. ३१ मार्च हा आपल्याकडे हिशेबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस. २०११ पासून तोच दिवस जगभर पुष्कळ लोक अशा प्रती करण्याचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी घरातील शिकलेल्या मुलाला वा मुलीला जवळ बसवावे, डिस्क काढावी, तीन पाने उघडून पाहावीत. डिस्क चार-पाच वर्षांची झाली असेल तर नवी आणावी. उन्हात, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा कोकणातल्या दमट भिंतीला लागून ती ठेवू नये. आणि जे मागणाऱ्या भावाबहिणीला द्यावयाचे आहे, ते नीट लावण्याची वाट न पाहता आजच द्यावे. नावे नंतरही घालता येतात.